वैलावरचं सुगंधी पाणी

श्रोतेहो, ‘वैल’ हा शब्द हल्लीच्या मुलांना विचारला तर ती गोंधळतील. वेल म्हणजे भिंतीवर चढते ती, एवढंच त्यांना ठाऊक. चूल गेली आणि तिच्याबरोबर वैलही गेला. चुलीच्या मुख्य तोंडाला लागून मागच्या अंगाला आणखी एक लहान तोंड असायचं. पुढे लाकडं जळायची, भाकरी भाजली जायची आणि उरलीसुरली आच आतल्या वाटेने या दुसऱ्या तोंडाशी यायची. तो वैल. त्याच्यावर घाईचं काम होत नसे. भात मुरायचा, दूध सावकाश तापायचं, आमटी ऊन राहायची. आणि सगळा स्वयंपाक आटोपून लाकडं मागे ओढली, की आमच्या घरी त्या वैलावर एक जुनी, पोचे आलेली जर्मनची पातेली चढायची.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. घरात दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. आई त्या पातेलीला ‘खुशबू का पानी’ म्हणायची. दोन तांबे पाणी, पिळून झालेल्या लिंबाच्या साली, मसाल्याच्या डब्याच्या तळाशी उरलेल्या फुलं गळालेल्या चार लवंगा, दालचिनीचा एक तुकडा, माठातून काढलेला जुना वाळा, आणि कुणाच्या लग्नातून गुलाबाचा हार आला असेल तर त्याच्या सुकलेल्या पाकळ्या. खर्चाचं त्यात काही नव्हतं. एरवी केरात गेलं असतं तेच पातेलीत जायचं. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही, नुसती वाफ निघत राहिली पाहिजे, हा तिचा नियम. आम्हा भावंडांपैकी कुणाला तरी राखणीला बसवून ती सांगायची, “पानी सुकने नक्को देना.” पावसाळ्यात कपडे वाळत नसत, भिंतींना ओल यायची, तेव्हा हे पाणी जवळजवळ रोज व्हायचं. बांगडा तळला त्या दिवशी, ईदच्या आदल्या रात्री आणि पाहुणे यायचे असतील तेव्हा हमखास.

आम्ही कवी मंडळी गंधावर पुष्कळ ओळी लिहितो. मोगरा, पहिला पाऊस, मातीचा वास ही आमची हक्काची मालमत्ता. या पातेलीवर मात्र कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. राजेरजवाड्यांच्या अत्तरांचा इतिहास ग्रंथांत नोंदलेला आहे. घराच्या चुलीवर शिजणाऱ्या सुगंधाचा इतिहास नाही. पण ते ग्रंथ जरा नीट वाचले, तर त्यांच्या पानापानांतून ही पातेलीच डोकावते.

आधी तिचं शास्त्र पाहू. लवंगेचा वास ज्या तेलकट द्रव्यामुळे येतो, त्याला युजेनॉल म्हणतात. ते एकटं तापवलं तर उकळायला सुमारे अडीचशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. पाणी तर शंभरावर उकळतं. मग त्या गरीब पातेलीतून लवंगेचा वास घरभर कसा पसरतो? त्याचं कारण असं, की पाणी आणि त्यात न मिसळणारं तेल एकत्र तापवलं तर दोघंही आपापल्या वाट्याची वाफ सोडतात. पाण्याची वाफ वर जाताना तेलाचा अंश हाताला धरून बरोबर नेते. अत्तराचा सगळा धंदा याच एका सोबतीवर उभा आहे. पातेलीवर झाकण घालून मातीने लिंपलं, झाकणातून बांबूची नळी काढली आणि ती वाफ दुसऱ्या भांड्यात नेऊन थंड केली, की कनौजच्या अत्तरवाल्यांची देग आणि भपका तयार होतात. फरक इतकाच, की कनौजवाला वाफ कोंडतो आणि आमची आई ती मोकळी सोडायची.

आच मंद का हवी, हेही यातच आलं. लिंबाच्या सालीचा वास हलका. तो लगेच उठतो आणि लगेच उडून जातो. लवंग-दालचिनी मागाहून येतात. वाळा सगळ्यांत आळशी, तो शेवटपर्यंत तळाशी बसून असतो. खळखळून उकळलं तर पाणी निघून जातं, वाळा जागा व्हायच्या आत तळ लागतो आणि घरभर करपल्याचा वास. वैलावर हे होत नसे, कारण वैलाला रागच येत नसे.

आता ग्रंथांकडे वळू. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ति’ नावाचा एक अध्याय आहे. ग्रह-नक्षत्रं, पाऊस आणि भूकंप सांगणारा हा ज्योतिषी मध्येच केसांचं तेल, धूप आणि उटणी सांगू लागतो. सोळा सुगंधी द्रव्यांतून एका वेळी चार घेतली तर किती प्रकार होतील, याचा हिशोबही त्याने मांडला आहे. उत्तर आहे १८२०. मला हा हिशोब फार आवडतो. आमच्या आईच्या डब्यात फार तर सात-आठ जिन्नस असायचे आणि गणित तिला बाजारापुरतंच येत होतं. पण दोन दिवसांचं पाणी सहसा एकसारखं नसायचं.

त्यानंतर बाराव्या शतकात आपल्या अगदी शेजारी यावं लागतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याची कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, सोलापूरहून फार लांब नव्हे. ११२९ च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाने काय काय उपभोगावं, याची ती मोठी यादी आहे. जेवण, वस्त्रं, विडा, फुलं, आणि त्यांत धुपाचाही उपभोग. सुगंधी द्रव्यांची पूड, तिची गोळी, तिची वात असे धुपाचे प्रकार तिथे सापडतात. मराठी वाचकाला हा ग्रंथ दुसऱ्या एका कारणासाठी माहीत असतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद सोमेश्वराने संगीताच्या प्रकरणात केली आहे. ओवीचा हा फार जुना दाखला. ग्रंथात धूप एका ठिकाणी आहे आणि ओवी दुसऱ्या ठिकाणी. मी मात्र ती दोन पानं मनातल्या मनात एकमेकांना जोडून वाचतो. धुपाची पूड काही राजाने कांडली नसणार. मुसळ कुणाच्या तरी हातात होतं आणि ज्यांच्या हातात होतं, त्यांच्या तोंडी गाणं असणार. याला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी तो नाही. पण मुसळ आपोआप चालत नाही एवढं नक्की.

पुराव्याचंच बोलायचं तर पुण्याला जावं लागेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे नावाचे एक विलक्षण अभ्यासक होऊन गेले. तिथल्या हस्तलिखितांचे ते दीर्घकाळ व्यवस्थापक होते. १९६१ मध्ये ते वारले. राजांच्या लढायांपेक्षा हरभरा आपल्याकडे कधी आला, आरसे कशाचे होते, दिवाळीत काय करत, अशा गोष्टींत त्यांचं मन रमायचं. अशा माणसाच्या हाती एक दुर्मिळ हस्तलिखित लागलं. त्यात गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ होता आणि सोबत ‘गंधवाद’ नावाचं दुसरं प्रकरण, ज्याचा कर्ता अज्ञात आहे. १९४५ च्या सुमारास गोड्यांनी त्यावर लेख लिहिले. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने हे दोन्ही ग्रंथ छापले; संपादक होते आर. टी. व्यास.

‘गंधसारा’त सुगंध तयार करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत. भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. त्यांतली दुसरी पाहा. पाचन म्हणजे शिजवणं. आणि हे शिजवण्याचे प्रकार तरी किती! द्रव्यं पानांत गुंडाळून वर माती लिंपून भाजायची, तो पुटपाक. जमिनीत खड्डा करून त्यात पुरायची, वर आच द्यायची, तो गर्तपाक. बांबूच्या नळीत भरून शिजवायची, तो वेणुपाक. भांड्याच्या तोंडावर आडवी काडी ठेवून तिला पुरचुंडी टांगायची आणि खाली द्रव मंद शिजवायचा, तो दोलापाक. महाळुंगाचं फळ पोखरून त्याच्या पोटात द्रव्यं भरून शिजवण्याचीही रीत आहे. हे वाचताना मला एखाद्या सुगरणीच्या वहीची पानं उलटत असल्यासारखं वाटतं. पातोळे, पोपटी, मोदकाची उकड या सगळ्यांची भावंडं इथे दिसतात. लिंबाची साल पातेलीत टाकणाऱ्या बाईला महाळुंगाची युक्ती समजावून सांगावी लागली नसती.

पण खरा चमत्कार पुढे आहे. त्या ‘गंधवादा’वर जी टीका आहे, ती मराठीत आहे! गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा मानला. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या नंतर आणि तुकोबांच्या आधी कुणीतरी बसून, सुगंध कसा शिजवावा ते मराठीत समजावून लिहीत होतं. संस्कृत न जाणणाऱ्या कुणाला तरी ते वाचायचं होतं, म्हणूनच ना? तो गांधी असेल, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा दुकानदार. एखाद्या मंदिरातला माणूस असेल. कुणीही असो, पंडितांच्या पोथीतला सुगंध मराठीतून हाताशी काम असलेल्या माणसापर्यंत पोचत होता. कवी म्हणून मला या अनाम टीकाकाराचा हेवा वाटतो. आमच्या कवितांच्या आवृत्त्या दहा वर्षांत रद्दीत जातात आणि त्याचं पाकज्ञान पाच-सहाशे वर्षं टिकलं.

स्वयंपाक आणि सुगंध यांचं सख्खं नातं तितक्याच स्पष्टपणे दाखवणारं आणखी एक पुस्तक फारसीत आहे. माळव्यातल्या मांडूच्या सुलतान घियासशाहाने सुरू केलेलं आणि त्याच्या मुलाच्या, नासिरशाहाच्या काळात पुरं झालेलं ‘निअमतनामा’. काळ १५०० च्या आगेमागे. हे पाककृतींचं सचित्र पुस्तक आहे. त्याची एकमेव ज्ञात प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोसे आहेत, खिचडी आहे, सरबतं आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला अत्तरं, उटणी, गुलाबपाणी आहे. चित्रांत सुलतान बसलेला आणि भोवती बायका कामात गढलेल्या. कुणी ढवळते आहे, कुणी काही हाती देते आहे. स्वयंपाकाचा विभाग इथे संपला आणि सुगंधाचा इथे सुरू झाला, अशी रेघ त्या पुस्तकाच्या कर्त्याला ओढावीशी वाटलेली नाही. रेघ आपण ओढली. मसाल्याचा डबा स्वयंपाकघरात आणि सुगंधाची बाटली आरशासमोर.

आता विजापूर. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. दुसरा इब्राहिम आदिलशाह १५८० ते १६२७ अशी जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं तिथे गादीवर होता. गाण्याचा वेडा. त्याच्या ‘किताब-ए-नौरस’ या दखनी गीतसंग्रहाच्या आरंभी सरस्वतीचं स्तवन आहे, हे अनेकांना माहीत असतं. ‘नौरस’ या शब्दाचा तर त्याला ध्यास होता. १५९९ मध्ये विजापूरशेजारी त्याने वसवायला घेतलेल्या नगरीचं नाव नौरसपूर. पुढे १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ती जाळली. याच दरबारासाठी निजामुद्दीन महमूद याने फारसीत ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधशास्त्राचा ग्रंथ लिहिला. अंगाला लावायचं काय, कपड्यांना धुरी कशाची, अंथरूण आणि खोल्या कशा सुवासिक ठेवायच्या, याच्या कृती त्यात आहेत. विजापूरचाच ‘लखलखा-ए-आदिलशाही’ नावाचा दुसराही एक ग्रंथ आहे. लखलखा म्हणजे डोकं ताजंतवानं व्हावं म्हणून हुंगायचं सुगंधी मिश्रण. नुसता उच्चार केला तरी निम्मा शीण जावा, असा शब्द.

लिपी फारसी, पण द्रव्यं तीच. चंदन, अगर, कापूर, वाळा, कस्तुरी. संस्कृत पोथीतली द्रव्यं फारसी पोथीत गेली आणि अरबी-फारसी शब्द मराठीच्या देवघरात येऊन बसले. तुम्ही रोज संध्याकाळी देवापुढे लावता ती उदबत्ती. तिच्यातली ‘बत्ती’ आपल्या वर्तिकेची, वातीची नात. ‘ऊद’ मात्र अरबी. अगराच्या लाकडाचं ते अरबी नाव. मुंज-लग्नात मनगटाला लावतो ते अत्तर अरबी ‘इत्र’. पंढरीच्या वाटेवर बुक्क्याबरोबर ज्याचं नाव येतं तो अबीर, हाही अरबी शब्द. सुगंधी मिश्रण असा त्याचा अर्थ. लोबानाची कथा तर भूगोलाच्या पुस्तकासारखी आहे. सुमात्राहून येणाऱ्या सुगंधी डिंकाला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लोबान म्हणत. तेच नाव युरोपात जाऊन घासत घासत ‘बेंझोइन’ झालं, आणि त्याच्यावरून रसायनशास्त्रातलं ‘बेंझिन’. आमच्या घरी जुमेरातला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, निखाऱ्यावर लोबान टाकला जायचा. समोरच्या वाड्यात त्याच गुरुवारी दत्ताच्या तसबिरीपुढे धूप चढायचा. दोन्ही घरांचा धूर गल्लीत एक व्हायचा. तो वेगळा करायची तेव्हा कुणाला गरज वाटत नव्हती.

आणि आईच्या त्या चार लवंगा? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगातली लवंग आज इंडोनेशियात असलेल्या मोलुक्कस बेटांवरूनच यायची. तिच्यासाठी पोर्तुगीज लढले, डच लढले. १७७० मध्ये पियेर प्वाव्र नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने रोपं चोरून मॉरिशसला आणवली, तेव्हा कुठे तो मक्ता ढिला झाला. ज्या वस्तूपायी गलबतं बुडाली, ती आमच्याकडे फुलं गळाल्यावर केरात जाण्याऐवजी पातेलीत जात होती.

गुलाबाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. गुलाबाचं अत्तर नूरजहानने शोधलं, हौदातल्या गुलाबपाण्यावर तिला तेलाचा तवंग दिसला, अशी कथा आपण शाळेपासून ऐकतो. खुद्द जहांगीरने आत्मचरित्रात, १६१४ सालच्या नोंदींत, लिहिलं आहे ते वेगळं आहे. श्रेय त्याने दिलं आहे ते नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला. ती गुलाबपाणी काढत होती. गरम गुलाबपाणी परातींत ओतलं की वर एक साय धरते, हे तिच्या ध्यानात आलं. ती साय तिने थोडी थोडी करून जमवली. एक थेंब तळहाताला लावला तर सगळी मजलिस दरवळून जावी, असं ते द्रव्य निघालं. बादशहाने तिला मोत्यांचा कंठा दिला आणि अकबराची बेगम सलीमा सुलतान हिने त्या अत्तराचं नाव ठेवलं ‘इत्र-ए-जहांगिरी’. म्हणजे पाहा, शोध सासूबाईंचा आणि नाव जावयाचं. तरी अस्मत बेगमचं भाग्य थोर, की निदान जावयाने ते लिहून तरी ठेवलं. गुलाबपाणी काढण्याची विद्या काही तिच्यापासून सुरू झाली नव्हती; बगदादच्या अल-किंदीच्या नावावर असलेल्या नवव्या शतकातल्या अत्तरांच्या पुस्तकातही ती आहे. शेकडो वर्षांत हजारो हातांनी ते गरम पाणी ओतलं असेल. दुधावरची साय काढायची सवय असलेल्या डोळ्यांनाच ती साय दिसली असावी, असं मला वाटतं.

वासाचा इतिहास नेहमी असा गोड मात्र नाही. वासावरून माणसांची परीक्षाही होत आलेली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाठोपाठ पुण्यात साथ आली. रोग घाण वासातून, कोंदट हवेतून पसरतो, ही जुनी समजूत तोवर सरकारच्या डोक्यातून पुरती गेली नव्हती. मुंबईच्या गल्ल्यांत, घरांत कार्बोलिकचे फवारे मारले गेले. पुण्यात गोरे सोजीर स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरले, सामान बाहेर काढून जाळलं गेलं. त्या संतापातून २२ जून १८९७ ला काय घडलं, ते सगळ्यांना माहीत आहे. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या डॉक्टराने दाखवून दिलं, की प्लेग पसरवतात त्या उंदरांवरच्या पिसवा. वास बिचारा निर्दोष होता. पण तोवर कुणाच्या घराला कसला वास येतो, यावरून त्या घरातल्या माणसांविषयी निकाल देण्याची रीत सरकारी शिक्क्याने पक्की झाली होती. आणि ती रीत प्लेगबरोबर गेली नाही.

१९९८ मध्ये नोकरीनिमित्त मी एका मोठ्या शहरात भाड्याचं घर शोधत होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एक जागा फार आवडली. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड. मालक चांगले बोलले, चहा पाजला, मी कविता लिहितो म्हटल्यावर दोन कवींची नावंही घेतली. मग माझं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर कपात बघत म्हणाले, “तसं आमचं काही नाही हो. पण वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत, त्यांना वासाचा त्रास होतो.” श्रोतेहो, आमची चूल अजून त्या शहरात पेटलीच नव्हती. न शिजलेल्या अन्नाचा वास त्यांना वरच्या मजल्यापर्यंत गेलेला दिसत होता. असं तीन ठिकाणी झालं. चौथ्या ठिकाणी जागा मिळाली, एका निवृत्त शिक्षिकेकडे. त्यांनी एकच अट घातली, नळ रात्री नीट बंद करायचा.

जागा मिळाली, पण ती तीन उत्तरं बायकोच्या मनातून गेली नाहीत. पहिले काही महिने तिने मासळी आणलीच नाही. साधं कांदा-लसणाचं वाटण परतलं तरी खिडक्या लावून घ्यायची आणि गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर सुगंधाचं पातेलं चढवायची. तिच्या माहेरी तमालपत्र आणि बडीशेप घालायची पद्धत, आमच्याकडे वाळ्याची. तिने दोन्ही एक केलं होतं. घराला सतत असा दरवळ, जणू आत कुणी जेवतच नाही. मग आई राहायला आली. दोन दिवस तिने पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी गॅस बंद करून पातेलं उतरवलं. सुनेला म्हणाली, “ये पानी मेहमान आने के वास्ते रखते बेटा. अपना खाना छुपाने के वास्ते नै.” त्या दुपारी तिने स्वतः बाजारात जाऊन बांगडे आणले, खिडक्या सताड उघडल्या आणि तळले. पुरेसा वास सुटल्यावर जेवणं झाली, ओटा धुतला गेला, आणि संध्याकाळी, घरमालकीणबाई चहाला यायच्या होत्या म्हणून, तिने पुन्हा पातेलं चढवलं. बाई आल्या, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, “दुपारी बांगडे होते वाटतं? आणि आत्ता हे काय, वाळा का?” नाक असावं तर असं. त्यानंतर दोघी बराच वेळ वाळ्यावर बोलत बसल्या. बाईंच्या आजोळी, कोकणात, बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग, बाळंतशोपा यांची धुरी व्हायची, आमच्याकडेही तीच. फक्त आमच्याकडे तीत लोबान जास्त.

युरोपातही या पातेल्याचे भाऊबंद आहेत. फुलांच्या पाकळ्या आणि मसाले मुरवून ठेवलेल्या बरणीला फ्रेंच लोक पॉटपुरी म्हणत. शब्दाचा सरळ अर्थ ‘कुजकं भांडं’. मुळात तो सगळं एकत्र घालून शिजवायच्या एका रश्शाचं नाव होता. म्हणजे तिथेही सुगंध स्वयंपाकघरातूनच दिवाणखान्यात गेला. अमेरिकेत नाताळच्या दिवसांत संत्र्याच्या साली, दालचिनी आणि लवंगा घालून पातेलं मंद ठेवतात. तेही तिथून फिरून आता आपल्याकडे नव्या नावाने आलं आहे. माझी मुलगी परवा मला मोबाइलवर त्याची कृती दाखवत होती. साहित्याची यादी पाहिली. संत्र्याची साल सोडली तर तिच्या आजीचंच पातेलं. बाजारात फवाऱ्याच्या डब्या मिळतात, भिंतीत खोचायची यंत्रं मिळतात. त्यांतला मोगरा वर्षाचे बारा महिने सारखाच येतो, म्हणून तो मोगरा वाटत नाही, असं माझं मत. कुणाला आवडत असेल तर आवडो.

करून पाहायचं असेल तर सांगतो. बिनकामाचं एखादं पातेलं घ्या, कारण लवंगेचा वास त्याला पुढे लागून राहतो. पाऊण पातेलं पाणी. दोन लिंबांच्या किंवा एका मोसंबीच्या साली, चार-पाच लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, आणि काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला मूठभर वाळा. वाळा आधी तासभर भिजत घाला, म्हणजे तो लवकर बोलू लागतो. चैत्रात दवणा मिळाला तर एक काडी. जास्त नको, तो सगळ्यांना दाबून टाकतो. अत्तर यात ओतू नका, पैसे वाफेबरोबर पाच मिनिटांत उडून जातील. आधी गरम होऊ द्या, मग सगळ्यांत लहान शेगडीवर, सगळ्यांत बारीक आचेवर ठेवा. एक खिडकी उघडी राहू द्या. घरात दमेकरी असेल तर त्याला आधी विचारा. हे पाणी पिण्यासाठी नाही, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. अर्ध्या तासाने बघा, पाणी निम्म्यावर आलं असेल तर पेलाभर गरम पाणी वाढवा. आणि गॅस चालू ठेवून बाजारात जाऊ नका. वैल आपोआप विझायचा, गॅस विझत नाही.